न झालेल्या लढतीचा निकाल

घडू शकली असती, पण घडली नाही, अशा क्रियेसाठी पाणिनीने लृङ् हा स्वतंत्र लकार राखून ठेवला आणि तिला क्रियातिपत्ती असे नाव दिले. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ असे बांधावर बसून म्हणणारा आपला शेतकरीही तेच व्याकरण चालवतो. परंतु व्याकरणाने ज्याला जागा दिली त्याला सत्याच्या दफ्तरीही नोंद मिळावी काय, हा प्रश्न वैयाकरणाच्या अखत्यारीतला नव्हे.

१९६७ साली मरे वोरोनर या मायामीच्या रेडिओ-निर्मात्याने, भिन्न काळांतील हेवीवेट मुष्टियोद्धे एकमेकांसमोर उभे राहिले असते तर कोण जिंकला असता, हे गणकयंत्राला विचारले. यंत्राने मुहम्मद अलीला जिम जेफ्रीजकडून हरवून रॉकी मार्सियानोला सर्वश्रेष्ठ ठरवले. तेव्हा, लष्करभरती नाकारल्यामुळे ज्याचे अजिंक्यपद त्याच वर्षी हिरावले गेले होते त्या अलीने, न खाल्लेल्या माराबद्दल दहा लाख डॉलरांचा बेअब्रूचा दावा लावला. तर्क हा प्रमाणांचा साहाय्यक, स्वतः प्रमाण नव्हे, असे मानणाऱ्या नैयायिकांनी हे वकीलपत्र आनंदाने घेतले असते!

दाव्याची तडजोड झाली, आणि १९६९त अली व मार्सियानो मायामीच्या स्टुडिओत कॅमेऱ्यापुढे एकेका मिनिटाच्या सत्तरांवर फेऱ्या खेळले. ४९ लढतींत एकदाही न हरता १९५६ साली निवृत्त झालेला मार्सियानो आता पंचेचाळिशीचा होता. सुमारे ५० पौंड वजन उतरवून, टकलावर केसांचा टोप चढवून तो आपल्याच तारुण्याची भूमिका करीत होता. शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले होते. ३१ ऑगस्टला, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो विमान अपघातात गेला, आणि १९७०च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पडद्यांवर त्या मृताने तेराव्या फेरीत जिवंत अलीला आडवे केले.

ईश्वराला असल्या लढतींचा निकाल ठाऊक असतो, असे सोळाव्या शतकातील स्पॅनिश जेझुइट लुईस दे मोलिना म्हणाला असता. कोणता स्वतंत्र जीव कोणत्या कल्पित परिस्थितीत काय करील याच्या ईश्वरी ज्ञानाला त्याने मध्यम ज्ञान म्हटले. माझी शंका ज्ञात्याविषयी नाही, ज्ञेयाविषयी आहे. अलीपेक्षा सुमारे दहा इंच आखूड पल्ल्याचे हात घेऊन, वाकून, अंगाशी भिडण्याची जी रीत मार्सियानोने कमावली, ती त्याच्या काळातल्या माणसांशी झुंजता झुंजता. अलीच्या काळात वाढला असता तर तो निराळा शिकला असता, म्हणजे तो हा मार्सियानो उरला नसता, आणि न वाढवता तसाच उचलून आणला, तर हाती लागतो तो आकड्यांचा तक्ता. ज्याच्याविषयी विचारावयाचे तो प्रतिवादीच हजर नसेल, तर सर्वज्ञानेही निकाल कोणाच्या नावे द्यावा?

दोन काळांची खरी गाठ पडते ती एकाच्या म्हातारपणी. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठ्ठावीस वर्षांच्या मार्सियानोने सदतीस वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत असा ठोसा मारला, की तो दोऱ्यांमधून रिंगणाबाहेर कलंडला. आणि आपल्या लहानपणीच्या त्या दैवताच्या खोलीत जाऊन जिंकणारा रडला.