नाव कुणी ठेवले?

दम्मामच्या एका गोदामात मी सात वर्षे स्टोअरकीपर होतो. खोलीत आम्ही कोकणातले चौघे आणि शेजारच्या खोलीत फिलिपिनो. फिलिपिन्सविषयी तोवर माझे ज्ञान मॅगसेसे पुरस्कारापुरते. विनोबांना १९५८ साली आणि बाबा आमट्यांना १९८५ साली तो मिळाला, एवढेच ठाऊक. पहिल्याच शुक्रवारी वजू करताना पाहतो तर शेजारच्या नळावर आमच्याच खात्यातला एक फिलिपिनो.

मी विचारून बसलो, "तू मुसलमान? तू तर फिलिपिनो ना?"

पाय धुता धुता तो म्हणाला, "आणि तू इंडियन. म्हणजे हिंदू असशील."

आधी हसू आले, मग शरम वाटली. शाळेपासून मी ऐकत आलेलो आहे, "मुसलमान असून मराठी किती छान बोलता तुम्ही!" बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, म्हणून तर उत्तर देता येत नाही. ज्या प्रश्नाने आयुष्यभर टोचले, तोच प्रश्न मी परक्या मुलखात दुसऱ्याला सहज टोचला होता.

पुढे दोस्ती झाली. तो मिंडानाव बेटावरच्या लानाव सरोवराकाठचा, मारानाव जमातीचा. मारानाव म्हणजे सरोवराची माणसे. तो म्हणायचा, "पासपोर्टवर मी फिलिपिनो, घरी मारानाव, आणि काही बिनसलं की मोरो." त्याचे हे वाक्य मी परत आल्यावरही विसरलो नाही. जे नाव दुसऱ्याने ठेवले, तेही हिणवण्यासाठी, ते आपले म्हणावे का? या प्रश्नामागे लागून पुढे बरेच वाचले.

'मोरो' हा शब्द स्पॅनिश लोकांचा. १४९२ साली त्यांनी ग्रॅनाडा जिंकून स्पेनमधली शेवटची मुस्लिम सत्ता संपवली. त्या मुसलमानांना ते मूर म्हणत. १५६५पासून ते या बेटांवर ठाण मांडू लागले तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही कलमा पढणारी माणसे भेटली. त्यांनी जुनेच नाव चिकटवले. खुद्द मनिला १५७१ साली त्यांनी घेतली ती सुलेमान नावाच्या मुसलमान राजाच्या अमलाखालची. आज हे सांगितले तर मनिलातही अनेकांना नवल वाटेल.

पण देशाचे नाव तरी कुणाचे? स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे. 'फिलिपिनो' हा शब्दही आरंभी त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश गोऱ्यांसाठी होता. स्थानिक माणूस 'इंदियो', म्हणजे इंडियनच! (हे कळले तेव्हा त्या नळावरच्या उत्तराची मला पुन्हा आठवण झाली.) होसे रिसाल आणि त्याच्या मित्रांनी १८८९ साली पॅरिसमध्ये मंडळ काढले, त्याचे नाव 'शूर इंदियो'. शिवी उचलून त्यांनी छातीवर लावली. हळूहळू 'फिलिपिनो' हे गोऱ्यांचे नावही साऱ्या जनतेचे झाले. १८९६ साली स्पॅनिशांनी रिसालला गोळ्या घातल्या आणि तो राष्ट्रपुरुष ठरला.

मोरोंनी नेमके तेच केले, फक्त ऐंशी वर्षांनी. १९६८ साली कोरेहिदोर बेटावर लष्कराने गुप्त मोहिमेसाठी भरती केलेले मुसलमान तरुण लष्कराच्याच हातून मारले गेले. जमिनीचा प्रश्न आधीपासून होताच. उत्तरेकडून सरकारने आणून वसवलेल्या लोकांमुळे मिंडानावात मुसलमान अल्पसंख्य होत गेले होते. १९७२ साली मार्कोसने लष्करी कायदा लादला आणि युद्ध पेटले. नूर मिसुआरी या प्राध्यापकाच्या संघटनेने आपल्या नावातच 'मोरो' घातले. रिसालने शिवी उचलली तर राष्ट्रभक्ती आणि मिसुआरीने उचलली तर फितुरी, हे मला पटत नाही. बंदुकीबद्दल मतभेद समजू शकतो, नावाबद्दल नाही.

त्या शब्दाची आणखी एक कथा आहे. स्पॅनिश काळापासून गावोगावच्या जत्रेत 'मोरो-मोरो' नावाचे नाटक होई. रंगीत पोशाख, लाकडी तलवारी, ख्रिस्ती राजपुत्र, मुसलमान राजकन्या. शेवट ठरलेला, मोरो हरणार किंवा बाप्तिस्मा घेणार. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे पाहिले. गंमत अशी की आज तिथे 'मोरो-मोरो' म्हणजे बनाव, आधीच निकाल ठरलेला तमाशा. लबाडीची निवडणूक झाली की लोक हाच शब्द वापरतात. नाटक खोटे आहे हे जनतेच्या जिभेला केव्हाच कळले होते! आपल्याकडे दाढीवाला खलनायक पडद्यावर आला की टाळ्या कुठे पडणार हे मलाही आधी कळते.

मात्र मला इथेच थांबून चालणार नाही. ख्रिस्ती गावांची भीती निव्वळ नाटकातून आलेली नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सुलू आणि इरानुन दर्यावर्दी किनाऱ्यांवर धाडी घालत, माणसे पकडून गुलाम म्हणून विकत. त्यासाठी बांधलेले टेहळणीचे बुरूज अजून उभे आहेत. आणि २००९ साली मागिंदानावात ५८ माणसे एका दिवसात मारली गेली, त्यात ३२ पत्रकार. तो गुन्हा एका मोरो सरदार घराण्यानेच केला आणि मेलेल्यांतही मुसलमान होते. डोंगरातल्या लुमाद आदिवासींची गोष्ट याहून वेगळी. ते ख्रिस्ती सत्तेलाही नको असतात आणि मोरो स्वायत्ततेच्या चर्चेतही त्यांना मागच्या बाकावर बसवतात. माझ्या दोस्तापुढे मी एकदा लुमादांचा विषय काढला. तो म्हणाला, "ते वेगळे." त्याच्या तोंडून हे ऐकताना मला माझाच नळावरचा आवाज ऐकू आला.

सत्ता देताना काय देते हेही पाहण्यासारखे आहे. ज्या मार्कोसच्या फौजांनी गावे जाळली, त्याच मार्कोसने १९७७ साली मुसलमानांचा व्यक्तिगत कायदा मंजूर केला. मनिलाच्या कियापो भागातली सोनेरी मशीद १९७६ साली उभी राहिली ती गद्दाफी भेटीला येणार म्हणून. तो आलाच नाही, मशीद मात्र राहिली. ईदची राष्ट्रीय सुट्टी २००२ साली मिळाली. स्वायत्त बांगसामोरो प्रदेश २०१९च्या जनमतानंतर आला. तेव्हा सुलू प्रांताने 'नको' म्हटले होते, तरी त्याला आत ओढले गेले. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला बाहेर काढले. म्हणजे 'मोरो' या छत्राखालीही तौसुग आणि मारानाव आपापला कोपरा सांभाळून आहेत. यात वावगे काय? आम्हा कोकणी मुसलमानांनाही देशावरचे मुसलमान 'तुम्ही वेगळेच' म्हणतात आणि आम्ही ते थोडे आवडून घेतो.

गोदामात आमच्याबरोबर ख्रिस्ती फिलिपिनोही होते. त्यांच्या सरकारने परदेशात राबणाऱ्यांना 'नवे वीर' ही पदवी दिलेली; खोलीत आठ जण झोपणाऱ्या या वीरांना तिचे हसू येई. त्यांतला एक इलोकोस प्रांतातला, मार्कोसच्या मुलखाचा. मिंडानाव त्याने कधी पाहिले नव्हते. पण आमचा मारानाव तापाने पडला तेव्हा रात्रभर पेज भरवत बसला तो हाच. तापलेला माणूस पुटपुटला, "सलामत." त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'आभारी आहे'. शब्द मूळचा अरबी, आपल्या 'सही-सलामत'मधलाच. चर्चमध्ये जाणारे कोट्यवधी लोक दिवसातून दहादा तो उच्चारतात.

२०१७ साली मे ते ऑक्टोबर मारावी शहरात इसिसला मानणारे बंडखोर आणि लष्कर यांचे युद्ध झाले. सरोवराकाठचा शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला. दूरदर्शनवर भोके पडलेला मशिदीचा घुमट दिसत होता. मी जुनी डायरी काढली. त्याच्या हाताने लिहिलेला पत्ता होता, खाली फोन नंबर. पत्त्यात गाव, मग लानाव, मग शेवटी ठसठशीत अक्षरांत 'फिलिपिन्स'. नंबर लावला. लागला नाही. पत्त्यावर पत्र टाकले, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.