घाबरणाऱ्यांच्या बाजूनं

मला भीती वाटते. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते दोस्तांनी ठरवावं. भीती कसली, तर साधीच. उद्या ठेकेदार पाळीला आत घेईल की नाही. गावाकडनं फोन आला की छातीत धडधड. रात्री दोनच्या सुमाराला साचे सगळे चालू, अंगावर कापूस, आणि एकदम वाटतं, आता पडतो. हात गार. डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नको. घेऊ नको म्हणजे? मी काय ते बाजारातनं आणलंय?

अभ्यासवर्गात हे बोललो. एक कार्यकर्ता म्हणाला, भीती ही गुलामाची निशाणी. सगळे गप्प. हाच मित्र सभा संपली की क्वार्टर मारल्याशिवाय झोपत नाही. मी त्याला हिणवत नाही. त्याचीही छाती धडधडत असणार, सांगायला जागा नाही एवढंच.

मला जागा सापडली ती शेजारच्या मावशीकडं. मावशी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आलं. पुढं त्या मुलखातले कितीतरी महार-मांग येशूच्या मागं गेले, त्यातलाच एक तिचा पणजा. म्हणजे रगत माझंच. नवरा वारला, पोरगं शिकतंय. पहाटे उठून ती वहीत त्या दिवसाच्या काळज्या लिहिते. एका ओळीत एक. गॅस. फी. गुडघा. मग वही मिटून तिच्यावर हात ठेवते, पुटपुटते. नंतर खानावळीसाठी लसूण सोलत बसते. म्हणते, "पाकळी सोलताना पाकळीकडं बघायचं, फीकडं नाय."

मी म्हणालो, मावशी, ही अफू आहे. ती म्हणाली, "असंल. दुखत्याला देत्यातच की." घरी येऊन मी विचार करत बसलो. मार्क्सचं ते वाक्य छापलं गेलं १८४४ साली. तेव्हा युरोपात अफू हे दुखण्यावरचं औषधच होतं, दुकानात मिळायचं. आपण अर्धाच धडा पाठ केलाय.

तरी प्रश्न उरतोच. भीती खरी असेल तर तिला शांत करणं ही फसवणूक नाही का? मावशीची काळजी हा काही मनाचा खेळ नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. गाव तिला जुन्याच जातीनं ओळखतं, पण त्या जातीवरनं कुणी हात उचलला तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा तिच्या कामाचा नाही. ज्या येशूपाशी तिला झोप लागते, त्याच्याच नावापायी कागद गेला. अशा बाईला शांत हो म्हणायचं, म्हणजे सरकारला मोकळं सोडायचं?

मत्तयातलं येशूचं डोंगरावरचं बोलणं वाचलं. पाखरांचं उदाहरण आहे तिथं. मला रागच आला. पाखरांना दाखला लागत नाही! पण तोच येशू भाकर मागायला शिकवतो ती आजच्यापुरती. हा रोजंदारीवाल्याचा हिशेब आहे. आठवड्याची भीती एका पाळीत उचलायची नाही, एवढं मला त्यातनं कळलं.

एका पाळकाला मात्र मी ऐकलंय. काळजी म्हणजे अविश्वास, काळजी म्हणजे पाप, असं तो सांगत होता. तो आणि आमचा अभ्यासवर्गवाला एकाच माळेचे मणी. चिंता करू नका असं फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल स्वतः कैदेत होता, आणि करिंथकरांना लिहिताना तोच कबूल करतो की मंडळ्यांची काळजी आपल्याला रोज असते. आणि येशू? पकडायला येणार त्या रात्री गेथशेमाने बागेत तो घाबरला. लूक सांगतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता. सोबत्यांना जागे राहा म्हणाला, ते झोपले. प्रार्थनेनं मरण टळलं नाही. पण तो उठला आणि धरायला आलेल्यांसमोर उभा राहिला.

हे वाचलं आणि भयभेरव सुत्त आठवलं. जंगलात रात्री मोराचा, हरणाचा, वाऱ्याचा आवाज झाला की सिद्धार्थालाही भय वाटायचं. चालताना भय आलं तर ते ओसरेपर्यंत तो चालतच राहायचा. उभा असताना आलं तर उभाच. इथं बापाच्या हातात काही सोपवणं नाही, म्हणून मला हे जवळचं. मावशीसारखं पुटपुटणं मला जमत नाही, पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. पण दोन साच्यांमधल्या वाटेत धडधड सुरू झाली की मी चालत राहतो. तुटलेला धागा सांधताना फक्त धागा बघतो. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्याला कुणी अफू म्हणालं का?

मागं एकदा लसूण पोचवून मावशी पोराच्या फीसाठी एका कचेरीत गेली. मी सोबत. टेबलामागचा माणूस कागद परत सारत होता, ती आवाज न चढवता पाऊण तास भांडली. पुढची तारीख लिहून घेतली, सही घेतली, मगच उठली. मी असतो तर दहा मिनिटांत बाहेर आलो असतो, शिव्या देत. हात माझेच थरथरत होते.

परतताना तिनं विचारलं, "तुझ्या बुद्धाला भ्या वाटायचं का रं?" मी जंगलातली गोष्ट सांगितली. म्हणाली, "मंग दोघं एकाच आळीचे." मी म्हणालो, नाही मावशी, तुझ्या येशूला बाप होता. ती म्हणाली, "व्हता की. पण त्या रात्री त्यो बोलला का?" मला उत्तर सुचलं नाही. अजून शोधतोय.