सोनोराची पोळी कुणाची?

मेक्सिकोचं जेवण म्हणजे मका, ही समजूत इतकी घट्ट आहे की सोनोरा राज्यातल्या वाळवंटी गावांमधून चवी शोधत हिंडणाऱ्याला तिथली गव्हाची तोर्तिया दुय्यम वाटू लागते. ती परक्यांची, पाद्र्यांनी आणलेली. खरी ती मक्याची! मला हा निकषच चुकीचा वाटतो. जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात गहू आणि गुरं या भागात आणली, १६८७ पासून फादर किनो यांनी ती आणखी उत्तरेला नेली, हे खरंच आहे. पण पाद्र्यांनी आणलं म्हणून पीक रुजत नाही. इथल्या मूळच्या ओ'ओधाम शेतकऱ्यांचा मका, शेंगा आणि भोपळा उन्हाळी पावसावर येई. थंडीत रान मोकळं राही आणि वसंतात कणगी रिकामी होई. थंडीत वाढून नेमका त्या टंचाईत हाती येणारा गहू त्यांनी स्वतःच्या हिशेबानं स्वीकारला. पुढे त्याच पिठाची, दोन्ही हातांवर ताणत पार कोपरापर्यंत पसरवलेली, आरपार दिसेल इतकी पातळ तोर्तिया तयार झाली. खापरावर मांडे टाकणाऱ्या बाईला त्या हातांचं कसब सांगावं लागणार नाही. उगमच पाहायचा तर मिरचीही आपल्याकडे अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आली. म्हणून ठेचा परका ठरवायचा का?

यावर एक गंभीर आक्षेप आहे. मिशनमधला गहू सक्तीच्या श्रमांवरही पिकला; १७५१ मध्ये पिमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच ओ'ओधाम लोकांनी बंड केलं, पुढे मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याच्या राजवटीत सोनोरातल्याच हजारो याकी आदिवासींना घरादारातून उचलून युकातानच्या मळ्यांवर पाठवलं गेलं. तेव्हा 'रुजलं' हा गोड शब्द त्या जुलमावर पांघरूण घालतो, असं कुणी म्हणेल. जुलूम नाकारायचं कारणच नाही. पण ज्यांनी ते शेत नांगरलं, ते पीठ मळलं, त्यांचीच पोळी परकी ठरवणं म्हणजे त्यांच्या श्रमावरचा हक्कही काढून घेणं. बाकानोरा या दारूचंच पाहा. घायपात डोंगरातलं, ते खड्ड्यात भाजायची रीत जुनी, ऊर्ध्वपातन बाहेरून आलेलं. १९१५ साली गव्हर्नर काय्येस यांनी तिच्यावर बंदी घातली, ती १९९२ पर्यंत टिकली. त्या ७७ वर्षांत ही दारू जगवली कुणी? डोंगरात लपून भट्टी लावणाऱ्या गावकऱ्यांनी. तिला २००० साली मिळालेलं भौगोलिक मानांकन मला या लोकांच्या हट्टाची उशिरा आलेली पावती वाटते.

पदार्थाचं नातं माती, पाणी आणि हात यांच्याशी आहे हे एकदा मान्य केलं की खाद्ययात्रेनं काय पाहावं हेही बदलतं. चिल्तेपिन ही वाटाण्याहूनही लहान, जहाल रानमिरची मेस्कीटसारख्या झाडांच्या सावलीत वाढते. तिखटपणा न जाणवणारे पक्षी तिचं बी पसरवतात. मागणी वाढली की तोडणीच्या घाईत फांद्याच मोडल्या जातात आणि पुढच्या वर्षीचं फळ जातं. याहून मोठं संकट नदीवर आलं. ६ ऑगस्ट २०१४ रोजी कनानेआच्या तांब्याच्या खाणीतून सुमारे ४०,००० घनमीटर आम्लयुक्त द्रावण सोनोरा नदीच्या खोऱ्यात वाहून गेलं, काठच्या गावांच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. आरिस्पे, बानामिची, उरेस इथल्या ताटांची वाखाणणी करणाऱ्या यात्रेनं त्या विहिरींची चौकशी केली नाही, तर तिला तिथलं जेवण अजून कळलेलं नाही.