माहीत नाही, की बघितलं नाही?

गाडी विकायला काढली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार. पहिल्या नोकरीच्या पगारातून जुनीच घेतलेली. रविवारी वाणगावहून चिंचणीच्या समुद्रावर तिच्यातून जाणं एवढीच माझी चैन. आता बोरिवलीच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं. बोईसरला एमआयडीसीत शिफ्ट करणारा एक मुलगा रविवारी ती बघायला येणार होता.

अडचण एकच होती. कुलंटची पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जायची. मी वरून भरायचो. जमिनीवर थेंब नाही, पांढरा धूर नाही. मामा म्हणाला, "टाकी भर, दाखव आणि वीक. कुठून गळतंय ते तुला तरी कुठे माहीतेय?"

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते रात्रभर टोचत राहिलं. मला माहीत नव्हतं, कारण मी बघितलं नव्हतं. आणि बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यात तरबेज. प्रोग्राम मेमरी सोडत नसेल तर सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट करायचा, सकाळी सगळं छान. पण आमच्या शेजारचे काका तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेत. १९६९ साली सुरू झालेलं ते केंद्र. ते म्हणतात, "आमच्याकडे पाणी कमी झालं की आधी विचारायचे, गेलं कुठे?"

शनिवारी सकाळी इंजिन गार असताना मिस्त्रींना बोलावलं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, आतलं पाणी दाबाखाली असतं. दाबामुळे ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. त्यामुळे काही गळत्या दाब आल्यावरच उघड होतात आणि थेंब खाली पडण्याआधी गरम धातूवर वाळून जातात. म्हणून फरशी कोरडी.

मिस्त्रींनी झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला. होज बघितले, रेडिएटर बघितला. ऑइल दुधाळ झालं होतं का तेही बघितलं, नव्हतं. मग टॉर्च आणि छोटा आरसा. वॉटर पंपाखाली पांढरट खपली जमली होती.

"वीप होल," मिस्त्री म्हणाले. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर यावं, म्हणून मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक. मला ते भोक फार आवडलं. आपला पंप एक दिवस बिघडेल हे करणाऱ्याने आधीच मान्य केलं होतं आणि ते दिसावं अशी सोय करून ठेवली होती. मी मात्र दर आठवड्याला वरून पाणी ओतून ती खूण पुसत होतो.

मग जुन्या गाडीचा प्रत्येक बोल्ट उघडून दोष शोधायचा का? नाही, तेवढं कुणालाच जमणार नाही. जे खरोखर लपलेलं आहे त्याचा दोष माझ्यावर नाही. पण पातळी उतरताना मी स्वतः बघितली होती. खूण दिसल्यानंतर मान वळवली, तर ते अज्ञान उरत नाही, ती निवड होते. आणि तिची किंमत मी मोजणार नव्हतो. हायवेवर तो मुलगा मोजणार होता. पाणी फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा उलट खालीही येऊ शकतो. इंजिन भाजतंय आणि काटा म्हणतोय, सगळं ठीक आहे.

रविवारी बॉनेट उघडून त्याला खपली दाखवली, पंपाचा खर्च सांगितला, तेवढे पैसे कमी करतो म्हटलं. त्याने बराच वेळ आरशात बघितलं. "विचार करून सांगतो दादा," म्हणाला आणि गेला. अजून फोन आलेला नाही.

डिपॉझिटसाठी मित्राकडून उसने घेतले. मामा मला वेडा म्हणतो. पंप मागवलाय. तोवर गाडी अंगणात उभी आहे, आणि टाकीतली पातळी मी आता पेनाने खूण करून ठेवतो.