निगराणी की हेरगिरी?

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल आला की आईवडिलांपुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ते काय पाहते, कोणाशी बोलते, हे त्याच्या नकळत तपासावे काय?

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सप्टेंबर २०१४ पासून संगणकशिक्षण वयाच्या पाचव्या वर्षीच सुरू होते. त्यात दोन गोष्टी आवर्जून शिकवल्या जातात : स्वतःची खाजगी माहिती जपणे आणि ऑनलाइन काही खटकल्यास मदत कोणाकडे मागावी, हे ठाऊक असणे.

यातील पहिल्या गोष्टीचा संस्कार दिव्य कुरआनने घरातच घालून दिला आहे. सूरह अन्-नूरच्या ५८व्या आयतीनुसार, वयात न आलेल्या मुलांनीही फजरच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीवेळी आणि इशाच्या नमाजनंतर परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत यावे. जे मूल दाराशी थांबायला शिकले, त्याला पासवर्ड आणि छायाचित्रे जपण्याचे महत्त्व समजावणे कठीण नाही.

मात्र मर्यादा एकतर्फी शिकवता येत नाही. सूरह अल्-हुजुरातच्या १२व्या आयतीने इतरांच्या गोष्टींचा छडा लावत राहणे निषिद्ध ठरवले आहे. यावर कोणी म्हणेल, हदीसनुसार प्रत्येक जण मेंढपाळ असून त्याला आपल्या कळपाविषयी जाब द्यायचा आहे; मग पालकांनी डोळे मिटावेत काय? मुळीच नाही. लहान मुलाचा मोबाइल पाहणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. परंतु मेंढपाळ कळपासमोर उभा राहून राखण करतो, झुडपाआड लपून नव्हे. मोबाइल बैठकीच्या खोलीतच वापरायचा, आम्ही तो पाहणार आणि का पाहणार, हे मुलाला आधीच सांगावे.

चोरून तपासणी झाल्याचे कळताच मूल अधिक सफाईने लपवायला शिकते. उद्या एखाद्या अनोळखी इसमाने “घरी सांगू नकोस” असे धमकावले, तर तेच मूल गप्प राहते; आणि त्या इसमाची सारी भिस्त याच मौनावर असते. अभ्यासक्रमातील दुसरी गोष्ट इथेच निष्फळ ठरते.

हजरत लुकमान यांनी पुत्राला मायेने हाक मारून समजावले, की खडकात दडलेली मोहरीएवढी गोष्टही अल्लाह समोर आणतो. पित्याची नजर पोहोचत नाही तिथेही सोबत राहील, अशी ही राखण होती. पालकांची निगराणी काही वर्षेच पुरते. त्या वर्षांत ही जाणीव मुलांच्या मनात रुजवण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.