नेमणे आणि वसवणे

लहान गावात डॉक्टर टिकत नाही, या तक्रारीची चर्चा मराठीत बहुधा ऋणाच्या भाषेत होते: समाजाच्या पैशावर जो शिकला त्याने समाजाचे ऋण फेडावे. ऋण म्हणजे इथे उसनवारी नव्हे. तैत्तिरीय संहितेने देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे जन्माबरोबरच येतात असे मानले आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋण हे चौथे जोडले; ती कोणी मागून घेतलेली नसतात, म्हणूनच ती नाकारताही येत नाहीत. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याकडून महाराष्ट्र शासन जे बंधपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘बॉण्ड’, लिहून घेते, त्यात मात्र अनेक वर्षे १ वर्षाची सेवा अथवा १० लाख रुपये असा पर्याय राहिला, आणि पर्याय आला की ऋणाचे साधे देणे होते. पैसे भरणाऱ्याला मग कृतघ्न म्हणण्यात अर्थ नाही. त्याने शासनानेच मांडलेला हिशेब चुकता केलेला असतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, त्यामुळे पालघर-बोईसरला नोकरी आणि विरारच्या पलीकडे बिऱ्हाड असे ‘अपडाऊन’ सहज जमते. सकाळच्या ओपीडीत बसून संध्याकाळच्या गाडीने परतणारा डॉक्टर निष्णात असू शकतो, पण तो घरचा डॉक्टर होतो का, हे ठरवायला चरकसंहितेतील एका शब्दाचा उपयोग होतो. विमानस्थानात वैद्याने ज्यांची परीक्षा करावी त्यांत ‘देश’ येतो, आणि देश म्हणजे भूमी तसाच रोगीही, असा दुहेरी अर्थ तिथे दिलेला आहे. त्याच प्रकरणातल्या दशविध परीक्षेत ‘सात्म्य’ आहे, म्हणजे दीर्घ सवयीने शरीराला मानवलेला आहारविहार. तो तपासणीच्या टेबलावर दिसत नाही. मोखाड्याच्या पाड्यावरचे मूल माघात वजनाने का उतरले, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते की दिवाळीनंतर घराला कडी घालून सारे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते. तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराच्या खोकल्याचेही तसेच आहे: तो कोणत्या खात्यात आणि कोणत्या पाळीत उभा असतो, हे त्याच्या चाळीवरून रोज जाणाऱ्याला न विचारता कळते.

वारली पाड्यावरच्या भगताला, म्हणजे देवदैवत आणि झाडपाला दोन्ही जाणणाऱ्या उपचारकाला, कोणी नेमलेले नसते. त्याच्या उपचाराबद्दल काहीही मत असो (आणि सर्पदंशाच्या वेळी ते स्पष्टच असले पाहिजे), तो तिथला आहे ही त्याची पात्रता कोणत्याही जाहिरातीने मिळवता येत नाही.

ऋणाच्या चर्चेत एक गोष्ट सोयीस्करपणे गळते. मनुष्यऋण कसे फेडायचे, हे शतपथ ब्राह्मणाने सांगितले आहे: माणसांना वस्तीला जागा आणि अन्न देऊन. या व्याख्येने पाहिले तर देणेकरी केवळ डॉक्टर राहत नाही, त्याला बोलावणारे गाव आणि शासनही त्या यादीत येतात. मराठीत नेमणे आणि वसवणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्याला आदेशाचा कागद पुरतो, दुसऱ्याला घर, पाणी, मुलांची शाळा आणि रात्री सल्ला विचारता येईल असा दुसरा डॉक्टर लागतो. हे शासनाला ठाऊक नाही असेही नाही. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज वाहू लागली, आणि ती चालवणाऱ्यांनी या किनाऱ्यावर राहावे म्हणून शाळा व रुग्णालय यांसह आखीव वसाहत उभारण्यात आली. अभियंत्यांच्या त्यागवृत्तीवर कोणी विसंबून राहिले नाही. अर्थात वसवण्याचा जुना नमुना जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. देशावरच्या गावगाड्याने बलुतेदाराला घर आणि सुगीचा वाटा दिला, पण त्याबरोबर त्याला पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या कामाला जखडूनही टाकले. डॉक्टरच्या बाबतीत जखडणे तेवढे बंधपत्रात उरले आहे आणि वाटा गळाला आहे.

शासकीय आदेशांत वैद्यकीय अधिकाऱ्याने ‘मुख्यालयी राहणे बंधनकारक’ असे लिहिलेले असते. वाक्यातला कर्ता एकटा अधिकारीच असतो. राहण्याजोगे घर देणे कोणाला बंधनकारक आहे, हे सांगणारे दुसरे वाक्य त्याच्याखाली सहसा आढळत नाही.