राजीनाम्याच्या आधीचे दिवस

आमच्या सातारा-सांगलीकडच्या कर्त्या पुरुषांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती अशी, की ज्या दिवशी त्यांनी हातातली नोकरी सोडली त्या दिवसाचे वर्णन चरित्रकार मोठ्या उत्साहाने करतो, आणि त्या दिवसाच्या मागचे आठवडे, महिने, क्वचित वर्षे, ज्यांत मनुष्य खरोखर झुरत असतो, ती मात्र एका ओळीत उरकून टाकतो. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याच्या नोकरीवर पाणी सोडले आणि १९३० च्या सत्याग्रहात उडी घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी बाणेदारपणे राजीनामा दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचा चांगला जम बसलेला उद्योग टाकून रयतेच्या मुलांना वाहून घेतले. सारे काही जणू एका झटक्यात घडले. हे वाचून, मिरजेच्या वा कोरेगावच्या एखाद्या कचेरीत पंधरा वर्षे इमाने-इतबारे काम केलेला आणि आता अधिक जोखमीच्या जागेची नेमणूक हातात पडल्यामुळे झोप उडालेला मनुष्य आपल्याविषयी काय अनुमान काढीत असेल? ती माणसे निराळ्या मातीची होती, आपल्या अंगी ते पाणी नाही, असेच तो म्हणत असेल. हे अनुमान चुकीचे आहे आणि त्याने माणसांचे नुकसान होते, असे माझे मत असल्यामुळे हा विषय मी लिहावयास घेतला आहे.

पक्क्या नोकरीला या दोन जिल्ह्यांत एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी येथील पर्जन्यमानाकडे पाहिले पाहिजे. महाबळेश्वरच्या माथ्यावर जो पाऊस धो-धो कोसळतो तो पूर्वेकडे माण-खटावला पोचेपर्यंत आटून जातो, आणि तीच गत सांगलीकडील आटपाडी, जत व कवठेमहांकाळची. कृष्णाकाठची काळी जमीन आणि उसाचे मळे ज्यांच्या वाट्याला आले त्यांचा हिशेब वेगळा. परंतु ज्यांच्या पिकाचा भरवसा नक्षत्रांवर आणि वसुलीचा तगादा मात्र तारखेवर, अशा घरांत दर महिन्याच्या ठराविक दिवशी येणारी रक्कम, मग ती कितीही तुटपुंजी असो, सबंध घराला तारून नेत आली आहे. ही रक्कम आणणारा पोलीस असेल, प्राथमिक शिक्षक असेल, पलटणीतला जवान असेल वा न्यायालयातला बेलीफ असेल. त्याच्या पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि विहिरीचे कर्ज अशी तीन-चार ओझी एकाच वेळी टांगलेली असत. यशवंतराव चव्हाणांचे वडील कऱ्हाडच्या न्यायालयात बेलीफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले, तेव्हा थोरल्या मुलाला तेथेच नोकरी मिळाली म्हणून ते घर टिकले. अशा घरांतून वाढलेल्या माणसाला नोकरी सोडण्याच्या विचाराने घाम फुटला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याच मुलखातली दुसरी माणसे भारतभर पांगली, हेही खरे. विटे-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन परमुलखांत गेले, तेथील भाषा शिकले, तेथील सराफी पेठांत दुकाने थाटून बसले. पाटण-जावळीच्या डोंगरांतली माणसे मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत पाठीवर ओझी वाहण्यास गेली. या सर्वांचे धैर्य वादातीत आहे. परंतु दुष्काळाने त्यांना दुसरा मार्ग ठेवला नव्हता. मी ज्याच्याविषयी बोलतो आहे त्याची अडचण नेमकी उलट आहे: त्याला राहता येते. राहिला तर कोणी नावे ठेवणार नाही, पगार वेळेवर होईल, निवृत्तीनंतरची तजवीज आहे, संध्याकाळी सहा वाजता घरी येता येते. ज्याला राहता येते त्याने जाण्याचा निर्णय करणे हे, माझ्या समजुतीप्रमाणे, पोट हातावर घेऊन निघालेल्याच्या निर्णयाहून मनाला अधिक कुरतडणारे असते, कारण पुढे जे काही बिघडेल त्याचा दोष दुष्काळावर टाकण्याची सोय त्याला नसते.

माझ्या परिचयाचे सांगलीतील एक गृहस्थ आहेत. एका सहकारी संस्थेत हिशेबखात्याचे प्रमुख, वय पंचेचाळिशीच्या आसपास. पुण्यातील एका मोठ्या आस्थापनेने त्यांना बोलावले, अधिकार मोठा, वेतन जवळजवळ दीडपट, आणि जबाबदारी अशी की चुकीला क्षमा नाही. त्यांनी दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने उभी रेघ ओढून, खतावणीसारखा ताळा मांडला होता, तो त्यांनी मला दाखविला. जमेला वेतन, खर्चाला पुण्याचे घरभाडे, मुलीच्या महाविद्यालयाची फी, आईची औषधे, गावाकडच्या जमिनीची पाणीपट्टी, सणावारी येणे-जाणे. प्रत्येक आकडा दोन वेळा गिरवलेला. बेरीज करता शिल्लक स्पष्ट उरत होती. तरीही ते म्हणाले, "आकड्यात बसतंय हो, पण मनात बसत नाही." मी थोडे खोदून विचारले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली: "इथं चार माणसं मला विचारून काम करतात. या वयात तिथं जाऊन मी चार जणांना विचारत बसायचं का?"

त्यांनी नकार कळविला. घरच्यांची ओढाताण होईल, असे कारण लिहिले. पत्नीला ते पत्र टपालात पडल्यावर समजले आणि त्या माउलीने एवढेच म्हटले, की मला विचारले असते तर मी जा म्हणाले असते.

या प्रसंगात मला दोन भीती एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि त्या निरनिराळ्या करून पाहिल्याखेरीज कोणालाही या विषयात योग्य निर्णय करता येणार नाही. एक भीती आपल्या माणसांसाठीची: मी कमी पडलो तर भुर्दंड त्यांना बसेल. दुसरी भीती स्वतःच्या प्रतिष्ठेसाठीची: जेथे माझा शब्द अखेरचा मानला जातो तेथून उठून, जेथे माझी पारख नव्याने होईल तेथे मी जाणार, आणि त्या पारखीत मी हिणकस ठरलो तर? पहिली भीती आदरणीय आहे. दुसरीही स्वाभाविक आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ती बहुधा स्वतःच्या नावाने कधी समोर येत नाही, पहिलीचा पोशाख करून येते. मनुष्य म्हणतो, आईचे वय झाले आहे, मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे. आणि आईला वा मुलांना त्याने विचारलेलेच नसते. ज्यांच्या नावाने आपण नकार देतो त्यांना त्या नकाराचा पत्ताही नसावा, यात मला मोठा अन्याय दिसतो.

येथे यशवंतरावांचीच हकीकत पुन्हा घ्यावीशी वाटते. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणापुढे सैन्य मागे हटत असताना आणि कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले असताना, पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीस बोलावले. त्या वेळची त्यांची मुंबईतील परिस्थिती ध्यानात घ्यावी: महाराष्ट्र राज्य होऊन अडीच वर्षे झालेली, त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षाला प्रचंड बहुमत मिळालेले, जिल्हा परिषदांचा नवा प्रयोग १ मे रोजी सुरू झालेला, शासनाच्या प्रत्येक दप्तरात काय आहे याची खडान्‌खडा माहिती असलेला मुख्यमंत्री, आणि त्याच्याविरुद्ध उभा राहू शकेल असा प्रतिस्पर्धी दृष्टिपथात नाही. दिल्लीत याच्या उलट सारे. सैन्याचा अनुभव नाही, राजधानीत स्वतःची माणसे नाहीत, आणि ज्या खात्याचा कारभार हाती घ्यावयाचा ते पराभवाने खचलेले. हिमालयाच्या साहाय्याला सह्याद्री धावला, असे आपण नंतर कौतुकाने म्हणू लागलो. ते कौतुक रास्त आहे, पण त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली, की पर्वताला संसार नसतो आणि रात्री जागून विचार करावा लागत नाही. हा प्रस्ताव नेहरूंनी अत्यंत गुप्त ठेवण्यास सांगितला आणि यशवंतरावांनी एकाच व्यक्तीशी बोलण्याची मुभा मागितली, ती व्यक्ती म्हणजे वेणूताई, असे सांगितले जाते. ज्या गृहिणीने विवाहाला वर्षही झाले नसता पतीच्या भूमिगत राहण्यापायी अटक सोसली होती, तिलाच विचारावे, असे त्या माणसाला वाटले, हे मला त्याच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाइतकेच मोलाचे वाटते.

आणि हा काही त्यांच्या आयुष्यातला असा पहिलाच पेच नव्हता. १९४६ मध्ये मुंबईच्या मंत्रिमंडळात पार्लमेंटरी सेक्रेटरीची जागा पुढे आली, तेव्हा कऱ्हाडची वकिली नुकती कोठे हाताला लागत होती आणि घरावर आजारपणाची, मृत्यूची छाया पडून गेलेली होती. 'कृष्णाकाठ' हे त्यांचे आत्मचरित्र याच वर्षापाशी, मुंबईस प्रयाण करण्याच्या टप्प्यावर थांबते. सत्तेच्या साऱ्या पायऱ्या चढून गेलेल्या माणसाने आपल्या आयुष्याचा पहिला खंड अशा एका निघण्यापाशी संपवावा, यावरून ते निघणे त्याला किती जड गेले असेल याची कल्पना येते.

लक्ष्मणरावांच्या गोष्टीतही बारकाईने पाहिले तर बाणेदारपणाच्या जोडीला एक शांत सावधपणा दिसतो. राजीनामा दिला १८९७ मध्ये; पण बेळगावात सायकलींचे दुकान त्यापूर्वी कित्येक वर्षे, १८८८ पासून उभे होते, आणि मुंबईत शिकवीत असतानाच ते त्याच्या उभारणीत गुंतलेले होते. पाठीशी बंधू रामूअण्णा होते. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा नगरपालिकेने घेतली तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल स्टेशनजवळची, निवडुंगाने भरलेली आणि सापांची वस्ती असलेली बत्तीस एकर जमीन दिली, बिनव्याजी दहा हजार रुपये दिले, आणि १९१० मध्ये पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह तेथे येऊन राहिले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. मला या हकीकतीत सर्वांत अधिक विचार त्या पंचवीस घरांचा येतो. लक्ष्मणरावांपाशी निदान स्वतःची कल्पना होती. त्या बायकांनी कोणत्या भरवशावर चूल निवडुंगात मांडली? त्यांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत.

भाऊरावांच्या बाबतीत ते नाव निदान आपणांस ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली, आणि वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास घालण्यास पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडण्यास दिले. धाडस करणारा पुरुष कर्ज काढतो आणि त्याच्या कर्जाला घर जामीन राहते, असा हा व्यवहार आहे. जामीनदाराची सही घेतल्यावाचून कोणताही शहाणा सावकार रक्कम देत नाही, आणि आपण मात्र आयुष्यातले सर्वांत मोठे कर्ज ती सही गृहीत धरून उचलतो, किंवा ती मिळणार नाही असे गृहीत धरून नाकारतो. लक्ष्मीबाईंनी समजून दिले. पण ज्यांना समजून देण्याची संधीच मिळाली नाही अशांची संख्या फार मोठी असणार.

प्रत्येकाने सुखाची नोकरी सोडून काट्यांत शिरावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी ज्याने मोठी जागा नाकारली, किंवा ज्याला आपल्या गावच्या शाळेतच मनःपूर्वक समाधान आहे, त्याने कोणापुढे खुलासा देण्याचे कारण नाही. राहण्यातही कर्तव्य असू शकते. मात्र ते कर्तव्य आहे की पारखीचे भय आहे, हे ज्याचे त्याने स्वतःशी स्पष्ट बोलून ठरविले पाहिजे. आणि भय आहे असे आढळले तर तेवढ्यावरून जागा नाकारू नये, कारण ते भय नेमणूक स्वीकारल्यावर महिनाभरात कामाच्या रेट्याखाली बहुतांशी विरून जाते. न स्वीकारल्यास मात्र ते वर्षानुवर्षे सोबत करते, आणि पुढच्या प्रत्येक संधीच्या वेळी अधिक अधिकारवाणीने बोलू लागते. कठीण कामाची योग्यता अंगी आल्यावर ते काम घेईन, असे जो म्हणतो त्याने हेही लक्षात घ्यावे, की यशवंतरावांना सैन्याचा कारभार संरक्षण खात्यात बसूनच शिकावा लागला आणि १९६५ चे युद्ध झाले तेव्हा ते त्याच पदावर होते.

म्हणून ज्यांच्या हाती आज अशी नेमणूक पडली आहे त्यांना माझी विनंती आहे, की हिशेबाचा कागद एकट्याने मांडू नका. तो घरातल्या सर्वांसमोर मांडा, आणि रकमांच्या जोडीला आपल्याला खरोखर कशाची धास्ती वाटते तेही सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. जाणाऱ्याला, "गेलास तर तुझ्या जबाबदारीवर," असे म्हणू नका. जबाबदारी तशीही सर्वांची असणार आहे; जमले नाही तर परत ये, घर आहे, एवढे त्याला निघण्यापूर्वी ऐकू द्या.